दोनशे बारा फाटे

तीर्थस्वरूप बाबांना,

पाठीत उसण भरल्यामुळे प्रत्यक्ष वाकणं सध्या जमत नाही, तेव्हा खुर्चीत बसूनच, पण अगदी मनापासून, साष्टांग नमस्कार.

तुमचा गुडघा कसा आहे? डॉक्टरांनी पायाने शिवणयंत्र चालवायला बंदी केल्यावर तुम्ही त्या डॉक्टरांचाच कोट शिवायला घेतलात, असं आई फोनवर म्हणाल्या. त्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन नीट पार पडलं, हे ऐकून बरं वाटलं. आता त्यांना सगळं स्वच्छ दिसतं आणि त्यामुळे घरात रोज नवी धूळ सापडते, असं तुम्ही सांगितलंत, तेव्हा मी मोठ्याने हसलो होतो. हल्ली हसत नाही. आमच्याकडेही तेच झालं आहे. फक्त धूळ माझ्या कॉम्प्युटरच्या कोडात सापडली आणि डोळे तुमच्या मुलीचे आहेत.

फोन सोडून कागद का काळा करतोय, असं तुम्हाला वाटेल. फोन केला की ती ‘आण इकडे’ म्हणून काढून घेते, आणि मग बापलेकीचं बोलणं संपेपर्यंत माझा विषय शिळा होतो. मुलगी खुशाल आहे. इतकी खुशाल आहे की आजूबाजूच्या कुणाला खुशाल राहू देत नाही. (ही तक्रार नव्हे. तक्रार पुढे आहे.)

आमची कंपनी नक्की काय करते, हे तुम्ही आजवर बऱ्याचदा विचारलंत आणि मी दर वेळी ‘कॉम्प्युटरचं’ असं तोकडं उत्तर दिलं. आता सविस्तर सांगतो. बाजारपेठेत गाड्या ठेवायचा उंच लोखंडी मनोरा तुम्ही पाहिला असेल. खाली गाडी उभी करायची, आपण उतरायचं, बटण दाबायचं, की एक पाळणा ती गाडी उचलून वर नेतो आणि एका खणात सारतो. परत आल्यावर चिठ्ठीवरचा आकडा दाबला की गाडी खाली येते. कुठली गाडी कुठल्या खणात जाईल, हे ठरवणारं डोकं आम्ही लिहितो. अशा डोक्याच्या प्रत्येक तुकड्याला फंक्शन म्हणतात. (बाकी जगात फंक्शन म्हणजे भाषणं आणि प्लास्टिकच्या खुर्च्या. आमच्यात खुर्च्या नसतात, पण कंटाळा तोच.) सगळ्यात महत्त्वाचं फंक्शन मी लिहिलेलं, त्याचं नाव ‘जागा’.

जन्मला तेव्हा हा ‘जागा’ गुटगुटीत आणि समजूतदार होता. खण रिकामा आहे का बघायचा, असेल तर गाडी ठेवायची, संपलं. पण एका मनोऱ्यात डॉक्टरीणबाईंची गाडी एकदा थेट वरच्या खणात गेली आणि ती खाली येईपर्यंत तिकडे प्रसूतिगृहात बाळ नर्सच्या हातात येऊन रडूनही झालं. म्हणून मी एक अट घातली, की गाडी जर डॉक्टरची असेल तर तिला खालचा खण द्यावा. दुसऱ्या एका मनोऱ्याची तिसरी रांग करकरायची, म्हणून जड गाडी जर असेल तर तिसरी रांग टाळावी. मग फर्निचरचं दुकान भागीत चालवणारे दोन भाऊ आले. दोघांचं पटेना, आणि आपली गाडी भावाच्या गाडीशेजारी उभी राहणंही धाकट्याला सहन होईना. म्हणून आणखी एक जर. त्यातून थोरला कधीमधी बायकोची गाडी आणायचा, म्हणून त्या जरच्या पोटात दुसरा जर. असं करत करत इतकी वर्षं गेली, आणि ‘जागा’ एवढा वाढला की त्याची छापील प्रत काढली तर तुमच्या कापायच्या टेबलावरून खाली लोंबली असती.

त्यात माझ्याशिवाय कुणी शिरत नसे. मालक पाहुण्यांना माझी ओळख करून देताना म्हणायचे, “हे आहेत म्हणून आपले मनोरे उभे आहेत.” (खरं सांगतो बाबा, हे ऐकायला गोड लागायचं. माझ्या बरोबरीची दोन माणसं गेल्या वर्षी ‘नव्या रचनेत’ बसली नाहीत आणि घरी बसली. माझ्या कोडात कुणाला शिरता येत नव्हतं, म्हणून मला कुणी बाहेर काढू शकत नव्हतं. हे आजवर मी कुणाजवळ बोललो नाही. तुमच्याजवळ लिहितो आहे, कारण तुम्ही मला तसंही कधी फार हुशार समजला नाहीत.)

आणि अशा वेळी मालकांना कामाची गुणवत्ता बघणारं माणूस हवं झालं. मीच म्हटलं, आमच्या घरात आहे एक. लोक आपल्या पायावर धोंडा मारून घेतात म्हणतात. मी तो धोंडा शोधला, पुसला आणि मालकांच्या हातात नेऊन दिला.

मोजमाप तुमच्या घराण्यातच आहे. मी पहिल्यांदा तुमच्याकडे आलो, तेव्हा तुम्ही मला दारातच आपादमस्तक न्याहाळून “छाती छत्तीस, पोट अडतीस” म्हणालात, आणि मग बसा म्हणालात. तुमच्या मुलीने त्याच पद्धतीने आमचं सगळं कोड न्याहाळलं. त्यासाठी तिच्याकडे एक मोजणीयंत्र आहे, म्हणजे तोही एक प्रोग्रॅमच. तो प्रत्येक फंक्शनमधले फाटे मोजतो. जिथे जिथे ‘जर’ येतो तिथे वाट फुटते. जितके जर, त्यात एक मिळवला की झाले फाटे, आणि तोच त्या फंक्शनच्या गुंतागुंतीचा आकडा. दहाच्या आत असेल तर माणूस वाचून समजू शकतो. पन्नासच्या वर गेला तर लिहिणाऱ्यानेही देवाचं नाव घेऊन आत जावं.

मीटिंगमध्ये तिने आकडे भिंतीवर लावले. सगळ्यात वर, लाल अक्षरात, ‘जागा : २१२’. ऑफिसात ती मला अहो-जाहो करते. इतर बायकांचे नवरे घरी अहो-जाहो ऐकायला तरसतात, मला ते ऐकलं की घाम फुटतो.

“हे तुमचं का?” तिने विचारलं.

“माझं,” मी म्हटलं.

“तुम्हाला समजतं हे?”

“समजतं.”

“मग दुसऱ्या कुणाला समजावून सांगा.”

खोलीत दहाबारा माणसं होती. त्यांतल्या एकानेही समजून घ्यायची तयारी दाखवली नाही. मालक खिडकीबाहेर बघत राहिले, जणू तिथे काही घडत होतं. तिथे फक्त समोरची भिंत आहे.

ऑफिसचं ऑफिसात आणि घरचं घरात, हा तिचा नियम. घरी आल्यावर तिने चहा दिला, डोक्याला तेल लावून दिलं. मला भांडण हवं होतं, आणि तेल मिळालं. शेवटी दिवा मालवताना एवढंच म्हणाली, “माणूस म्हणून तू इतका सरळ आहेस, मग लिहितोस का असा?” आणि कूस बदलून झोपली. मला मात्र दोनशे बारा दिसत राहिले.

पुढच्या आठवड्यात मी एक शहाणपणा केला. यंत्र एकेका फंक्शनचा आकडा मोजतं ना, मग ‘जागा’चे तुकडे करायचे. मी त्याची खांडोळी करून चाळीसेक छोटी फंक्शनं बनवली. पहिलं दुसऱ्याला विचारतं, दुसरं तिसऱ्याकडे बोट दाखवतं, तिसरं म्हणतं साहेब जेवायला गेलेत, चौथ्याला विचारा. कुठल्याच तुकड्याचा आकडा दहाच्या वर जाईना. भिंतीवर सगळं हिरवंगार झालं. मालकांनी टाळ्या वाजवल्या आणि मी उभा राहून त्या घेतल्या. (उभा राहायला नको होतं. उसण त्याच वेळी भरली.)

तुमची मुलगी टाळ्या वाजवत नव्हती. ती आत जाऊन वाचत बसली. संध्याकाळी माझ्या टेबलापाशी आली आणि या वेळी अहो-जाहो विसरून हळूच म्हणाली, “पसारा कपाटात कोंबलास.” पाहुणे यायचे असले की मी घरी नेमकं तेच करतो, आणि नंतर कपाट उघडणारी तीच असते. मग तिने दुसरं मोजमाप लावलं. ते नुसते फाटे मोजत नाही. जरच्या पोटातल्या जरला जास्त वजन देतं, आणि कुठलं फंक्शन कुणाला विचारतं तेही बघतं, म्हणजे वाचणाऱ्याच्या डोक्याला किती पीळ पडतो ते मोजतं. भिंत पुन्हा लाल झाली, आधीपेक्षा जास्त.

त्यानंतर रोज दुपारी आम्ही दोघं काचेच्या खोलीत बसायला लागलो. एकेक जर घ्यायचा आणि ती विचारणार, “हा कशासाठी?” कारण सांगता आलं तर ते शेजारी लिहून ठेवायचं. नाही आलं तर जर काढायचा. बाहेरून बघणाऱ्यांना ऐकू येत नसे, फक्त माझे हातवारे आणि तिची हलणारी मान दिसे. आमचा घटस्फोट जवळ आलाय, अशी बातमी अकाउंटवाल्यांनी पसरवली. दोन भावांचा जर आला तेव्हा तिने सरळ दुकानात फोन लावला. धाकटा म्हणाला, “दादा गेल्या वर्षापासून बसनेच येतो. भांडणही मिटलं. पण तो नियम असू द्या. काढला हे त्याला कळलं, तर त्याला वाटेल मी त्याची गाडी विसरलो.” तिने फोन ठेवला आणि त्या जरपुढे कारण लिहिलं, ‘भाऊ आहेत’. तो ठेवला.

आणि मग लाल गाडीचा जर आला. गाडी लाल असेल तर डाव्या उभ्या रांगेत ठेवायची नाही. का, ते मला आठवेना. मी म्हटलं, असेल काही कारण. ती म्हणाली, ‘असेल काही’ हे कारण होत नाही. खरं तर मी थांबवायला हवं होतं. पण इतके दिवस प्रत्येक जरला कवटाळून बसल्यावर एकदा तरी मोठं मन दाखवावं असं वाटलं, आणि मी म्हटलं, काढ.

नवं कोड पहिल्यांदा ऑफिसच्या दाराशी असलेल्या मनोऱ्यावर लावतात. तिथे आमच्या गाड्या असतात, आसपासच्या लोकांच्याही असतात. सकाळी मोटार शिकवणाऱ्या मास्तरांनी आपली लालभडक गाडी लावली, ती डाव्या रांगेत दुसऱ्या खणात जाऊन बसली. पाठोपाठ मालकांची पांढरी गाडी आली. खण रिकामा की भरलेला, हे बघायला प्रत्येक खणाला एक दिव्याचा डोळा असतो, आणि प्रोग्रॅम आपल्या नोंदीपेक्षा त्या डोळ्यावर जास्त विश्वास ठेवतो. डोळा म्हणाला, दुसरा खण रिकामा. पाळण्याने मालकांची गाडी उचलली आणि मास्तरांच्या गाडीच्या अंगावर सारायला सुरुवात केली. नशीब, लोखंडी अडसर मध्ये आला आणि सगळं थांबलं. दोन्ही गाड्यांत वीतभर अंतर राहिलं. मालकांची गाडी अर्धी पाळण्यात आणि अर्धी खणात, खालून नुसतं शेपूट दिसत होतं, आणि मनोऱ्यातल्या बाकी सगळ्या गाड्या अडकल्या.

हां हां म्हणता खाली माणसं जमली. प्रत्येकाला त्याच घडीला कुठेतरी पोचायचं होतं. फक्त मास्तरांचा शिष्य, एक पन्नाशीचे गृहस्थ, पायरीवर निवांत बसले होते. त्यांची त्याच सकाळी लायसन्सची परीक्षा होती, त्याच गाडीवर. ते मला बाजूला घेऊन म्हणाले, “सावकाश होऊ द्या. माझ्यासाठी घाई करू नका.” मालक मात्र वर बघत विचारत होते की हे कुणी केलं, आणि आमची माणसं काचेच्या खोलीकडे बघत होती.

मी तोंड उघडायच्या आत तुमची मुलगी पुढे झाली. म्हणाली, “एक अट काढली, ती मी काढायला लावली. कारण माहीत नसताना काढली. वर जाऊन बघतो, मग सांगते.” ‘बघतो’ म्हणाली. त्यात मी आलो. उसण भरलेल्या माणसाला शिडीवर न्यायचा तिचा विचार आहे हे तेव्हा लक्षात आलं, पण त्या ‘बघतो’मुळे मी मुकाट गेलो. मी पुढे आणि ती मागे. डोक्यावर काही पडू नये म्हणून तिने स्कूटरचं हेल्मेट घातलं होतं.

त्याच डाव्या रांगेतल्या वरच्या रिकाम्या खणाचा डोळा आम्ही तपासायला घेतला. एका बाजूला लाल दिवा, समोर छोटा आरसा. मध्ये काही नसेल तर उजेड आरशावरून परत येतो आणि डोळा म्हणतो, रिकामं. मी हात धरला, तो म्हणाला, भरलेलं. काढला, रिकामं. डोळा अगदी चोख होता. मग ती आरसा नीट बघायला पुढे वाकली, तिचं डोकं बरोबर दिव्यासमोर आलं, आणि यंत्राने निर्वाळा दिला, रिकामं.

बाबा, मी हसलो. सगळा मनोरा लटकलेला, खाली मालक, पाठीतून कळ, आणि यंत्र तुमच्या मुलीच्या डोक्याकडे बघून रिकामं म्हणतंय. ती रागाने वळली, बघितलं, आणि तीही लोखंडी कठड्याला धरून हसायला लागली. कितीतरी दिवसांनी आम्ही एकाच गोष्टीला हसत होतो. मग एकदम थांबली आणि म्हणाली, “थांब. हेल्मेट लाल आहे.” काढून पुन्हा वाकली. भरलेलं. घातलं. रिकामं. गुळगुळीत लाल रंगावरून, आरशावरून यावा तसा, निव्वळ लाल उजेड परत येत होता (पांढऱ्यावरून दिवसाचा उजेडही मिसळून येतो) आणि डोळ्याला तो आरसाच वाटत होता. तेव्हा कुठे मला आठवलं. उजव्या रांगेचे डोळे पूर्वीच बदलले होते, डाव्या रांगेचे नवे डोळे यायला वेळ होता, आणि मी मेकॅनिकला म्हणालो होतो की तोवर मी कोडात एक जर टाकून ठेवतो. डोळे आलेच नाहीत. जर तेवढा राहिला.

दुपारपर्यंत मेकॅनिकने गाड्या सोडवल्या. नवे डोळे मागवले, ते पुढच्या आठवड्यात बसले, आणि तोवर परत घातलेला लाल गाडीचा जर या खेपेला आम्ही दोघांनी मिळून, हक्काने काढला. तिथून पुढे मला एक चटक लागली. प्रत्येक जरच्या मागे मनोऱ्यापर्यंत जाऊन बघायचं. करकरणारी रांग तेल घातल्यावर करकरेना, तो जर गेला. डॉक्टर, अपंग माणूस, शाळेची गाडी, या सगळ्यांचे वेगवेगळे जर होते, ते खरं म्हणजे एकच निघाले, की ज्याला लवकर निघायचंय त्याला खाली ठेवा. मी इतकी वर्षं एकच गोष्ट वेगवेगळ्या शब्दांत लिहीत होतो. आता ‘जागा’चा आकडा चौदा आहे. त्यात एक त्या भावांचा.

पण सुखाला काही दृष्ट लागतेच. परवा मालक माझ्या टेबलाशी आले, पडद्यावरचं कोड त्यांनी वरपासून खालपर्यंत वाचलं, आणि म्हणाले, “अरे, हे तर मला समजतंय.” तेव्हापासून रोज सकाळी ते एक सुधारणा सुचवतात. काल म्हणाले, गाड्या रंगाप्रमाणे लावल्या तर मनोरा छान दिसेल. बाबा, दोनशे बाराच्या काळात मला असा त्रास नव्हता.

आईंना नमस्कार सांगा. डोळ्यात थेंब वेळेवर घालायला सांगा, आणि धुळीकडे थोडं दुर्लक्ष करायलाही.

आपला आज्ञाधारक,
जावई

ता. क. : मूळ विषय राहूनच गेला. दुसऱ्या शहरात कंपनीचं नवं ऑफिस निघतंय आणि मालकांना ते तुमच्या मुलीच्या हाती द्यायचंय. त्यांनी मागेच मला बाजूला घेऊन सांगितलं, की तिचं मन वळवा. ती माझ्याजवळ अजून बोललेली नाही, म्हणजे नाही म्हणणार, आणि ते माझ्यासाठी. मी इथे एकटा कसा राहीन, काय खाईन, हा विचार ती करत असणार. स्वयंपाक मला येतो, खाणारा धीराचा हवा इतकंच. ती फक्त तुमचं ऐकते. तेव्हा तुम्ही आपण होऊन फोन करा आणि तिला हो म्हणायला लावा. मी सुचवलं असं वाटू देऊ नका. घर जरा मोठं वाटेल, ते मी बघून घेईन. पण ते तिला सांगू नका.

दुसरा ता. क. : हे पत्र तिच्या हाती लागता कामा नये.

तिसरा ता. क. : बाबा, मी. तुमचा पत्ता त्याला पाठ नाही, म्हणून त्याने पाकीट लिहायला माझ्याकडे दिलं, आणि तेही न चिकटवता. सगळं वाचलं. शिडीवर पुढे मी होते, बाकी खरं आहे. नव्या ऑफिसला मी मागच्या सोमवारीच हो म्हटलंय. त्याच्याजवळ कसं काढावं ते सुचत नव्हतं आणि तुम्हालाच सांगायला लावणार होते. पण मी एकटी जात नाहीये, तोही माझ्याबरोबर येतोय, तशी अटच घातली. मालक म्हणाले, मग इथलं ‘जागा’ कोण बघणार? मी म्हटलं, आता ते कुणीही बघेल. मालकांना पटलं, आणि त्याला कळेपर्यंत काही न बोलायचंही त्यांनी कबूल केलं. तेव्हा तो फोन करेल तेव्हा त्याला ही बातमी द्या. फक्त ते ‘कुणीही’ तेवढं गाळा.